हंसाचीं पिलें

हंस पाळणें म्हणजे कोंबड्या पाळण्यासारखेंच, असा पुष्कळांचा समज असतो, आमचाही होता. सुमारें ३० दिवसांनीं अंड्यांतून निघालेल्या पिलांस आम्हीं कोंबडीच्या पिलांचेंच खाद्य घातलें. पुढें दोघांचे पाय वांकले. हंसाच्या पिलांस नायसिन हें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांहून अधिक लागतें, हें आम्हांस मागाहून कळलें. खाद्यांत सुकें यीस्ट मिसळूं लागल्यावर एक पिलूं सुधारलें. दुसरें अजून लंगडतें.

मोठा हंस मुख्यत्वें गवतावर पोसतो, तेव्हां कुरण हवेंच. तळें नसलें तरी चालेल. परंतु डोकें पूर्ण बुडेल इतकें खोल पाणी पाहिजे, एरव्हीं डोळे व नाकपुड्या स्वच्छ राहत नाहींत. हा पक्षी कळपाचा. त्यास एकटा ठेवूं नये. रात्रीं खुराड्याचें दार मात्र आम्ही स्वतः लावतों.