कायद्याचा कागद : मोफत काय आणि पैसे कशाचे?

मोडनिंबकरांचं न्यायालय माढ्याला आणि जिल्हा न्यायालय सोलापूरला. नुसती पुढची तारीख विचारायला एसटी पकडू नका, आधी मोबाइल उघडा. तारीख, आदेश, निकाल, कायद्याचं कलम, शासन निर्णय हे सगळं घरबसल्या दिसतं आणि बघण्याला एक रुपयाही लागत नाही. कुणी ‘बघून देतो, शंभर द्या’ म्हणालं, तर ते शंभर रुपये त्याच्या कष्टाचे असतात, सरकारी शुल्क नव्हे.

आधी केसचं पाहू. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी संकेतस्थळ आहे आणि ॲपही आहे, दोन्ही मोफत. प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलांकडून एकदाच लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये जपून ठेवा. क्रमांक नसेल तर महाराष्ट्र, सोलापूर, माढा असं निवडून पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधा. नावं बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात. एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा, फक्त आडनाव टाकून बघा. पुढची तारीख, केसचा टप्पा आणि अपलोड झालेले आदेश तिथेच मिळतात. तहसीलदार किंवा प्रांतांसमोरची महसुली प्रकरणं मात्र इथे सापडत नाहीत. त्यांची चौकशी त्या कार्यालयात करा.

मोबाइलवर उतरवलेला निकाल वाचायला आणि वकिलाला दाखवायला पुरतो. अपिलाला किंवा दुसऱ्या कार्यालयात द्यायला प्रमाणित नक्कल लागते आणि पैसे इथे लागतात. न्यायालयाच्या नक्कल विभागात केस क्रमांक, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लिहून अर्ज द्या. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावा. पक्षकार असाल तर स्वतः अर्ज करता येतो. त्रयस्थाला कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, पण अर्ज करायला तुम्ही लावलेला उशीर वगळला जात नाही. शुल्क किती ते खिडकीवर विचारा आणि जेवढं भराल त्याची पावती घ्या. पावतीशिवाय मागितलेले पैसे शुल्कात धरू नका.

काही प्रती मात्र कायद्यानेच मोफत मिळतात. तुम्ही फिर्याद दिली असेल तर एफआयआरची प्रत तिथल्या तिथे, विनामूल्य. पीडित व्यक्तीलाही तोच हक्क आहे. आरोपीला दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते आणि कैदेची शिक्षा झाली तर निकालाचीही. बहुतेक एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘सोलापूर ग्रामीण’ निवडून बघता येतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत.

कायद्याचा मजकूर हवा असेल तर ‘इंडिया कोड’ उघडा, तिथे केंद्राचे आणि राज्याचे कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’वर मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ खासगी आहे, पण वाचायला मोफत आणि शोधायला सोपं. सरकारी पत्ता ओळखायचा तर शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का बघा. आणि कायद्याची जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले.  

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले असतात. ते वाचण्याचा थेट फायदा खिशाला होतो. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व यांच्या दाखल्यांसाठी द्यायच्या आणि न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही ‘पाचशेचा बॉन्ड लागतो’ असं सांगितलं जातं. शुल्कमाफीचा आदेश डाउनलोड करा, छापा आणि खिडकीवर पुढे ठेवा.

सातबाराचं असंच. ‘महाभूलेख’वर गट क्रमांक टाकून बिनसहीचा उतारा मोफत दिसतो, पण तो माहितीपुरता. बँकेला किंवा न्यायालयाला डिजिटल सहीचा उतारा द्या. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो, मोबाइल क्रमांकावर येणारा ओटीपी टाकून. त्यावर तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, वेगळा सही-शिक्का लागत नाही. सेवा केंद्रातून काढलात तर केंद्राचं शुल्क वेगळं पडतं. आधी दरफलक वाचा, मग पैसे द्या.

कार्यालयातली माहिती संकेतस्थळावर नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. पुढे पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत, पण पुरावा जोडा. अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला 20 रुपये.

कलम वाचता येतं, पण तुमच्या भानगडीला ते कसं लागू होतं हे वकीलच सांगेल. इथे पैसे वाचवायला जाऊ नका, आणि पैसे नसतील तर अडूनही राहू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या, सोबत ओळखपत्र आणि लागू असेल तो जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला. महिलांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. समितीने दिलेल्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. मागितली तर समितीला लेखी कळवा. लोकअदालतीत फी नाही. चालू दावा तिथे मिटला तर आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण ती मागायला विसरू नका.

नुसता सल्ला हवा असेल तर टेलि-लॉ सेवेचा क्रमांक 14454, विधी सेवेचा 15100. दोन्हीकडे सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.