सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष : ड्वाइट आयझेनहॉवर

(वरच्या वर्गांतील इतिहास व नागरिकशास्त्र यांस पूरक पाठ)

पाठाचा हेतू : लोकशाहीत शस्त्रबळ कायद्याच्या आज्ञेत वागते आणि अधिकाराबरोबर उत्तरदायित्वही येते, हे एका सेनानीच्या चरित्रावरून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विषयविवेचन : आयझेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. बालपण कॅन्सस राज्यातील ॲबिलीन या लहान गावी गेले. वडील लोणी तयार करण्याच्या कारखान्यात नोकरीस असत; घरची स्थिती बेताचीच होती. शालेय शिक्षण संपल्यावर, थोरल्या भावाच्या उच्च शिक्षणास हातभार लागावा म्हणून, ड्वाइट यांनी त्याच कारखान्यात काम धरले. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयात शिक्षणाचा खर्च सरकार करीत असे. तेथे ते १९११ मध्ये दाखल झाले. आई धर्मश्रद्धेने युद्धाच्या विरुद्ध होती. तरी तिने मुलाची वाट अडविली नाही. १९२० नंतर सुमारे सोळा वर्षे ते मेजर याच हुद्द्यावर राहिले. या काळातही त्यांनी आपला अभ्यास सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापतिपद त्यांजकडे आले. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील चढाई वादळी हवेमुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली. अखेर ६ जून १९४४ रोजी सुमारे दीड लक्ष सैनिक समुद्रमार्गे व आकाशमार्गे उतरले. त्याआधीच आयझेनहॉवर यांनी, मोहीम फसल्यास प्रसिद्ध करावयाची एक चिठ्ठी लिहून ठेविली होती. सैनिकांनी आपले कर्तव्य केले असून दोष असलाच तर तो केवळ आपला आहे, असा तिचा आशय होता. मोहीम यशस्वी झाली व चिठ्ठीची गरज पडली नाही.

१९५२ मध्ये लष्करी सेवेचा राजीनामा देऊन ते निवडणुकीस उभे राहिले आणि १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. जुलै १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली. डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतात आले; पदावर असताना भारतास भेट देणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत.

आम्हां शिक्षकांस सर्वांत महत्त्वाची वाटावी अशी घटना १९५७ मधील आहे. शाळांत वर्णभेद पाळणे घटनाविरोधी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला होता. तरी आर्कन्सॉ राज्याच्या गव्हर्नरने लिटल रॉक येथील शाळेच्या दाराशी राज्याचे रक्षकदल उभे करून नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस अडविले. आयझेनहॉवर या प्रश्नावर स्वभावतः सावध होते. परंतु न्यायालयाचा निर्णय मोडला जात आहे असे दिसताच त्यांनी सैन्य धाडिले. २५ सप्टेंबर रोजी ती मुले सैनिकांच्या संरक्षणात शाळेत गेली.

१७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात या जुन्या सेनापतीने, लष्कर व शस्त्रोद्योग यांच्या संगनमताचा प्रभाव लोकशाहीवर पडू देऊ नका, असा इशारा दिला. २८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षकांस सूचना : चरित्र सांगताना व्यक्तिपूजा होऊ देऊ नये. १९५३ मध्ये इराणचे व १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे सरकार उलथविण्यात त्यांच्या शासनाचा गुप्त हात होता, हेही मोठ्या मुलांस सांगावे. स्वदेशात कायद्यापुढे नमणारी सत्ता परदेशात तसे वागली नाही, हा विरोध मुलांनी स्वतः ओळखावा. नकाशावर ॲबिलीन, नॉर्मंडी व लिटल रॉक ही स्थळे दाखवावीत. तारखांच्या पाठांतरावर भर नसावा.

प्रश्न :
१. मोहिमेपूर्वीच दोष स्वतःकडे घेणारी चिठ्ठी का लिहिली असावी?
२. निवडणुकीस उभे राहण्यापूर्वी सैनिकी सेवा सोडणे योग्य का?
३. नऊ मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सैन्य पाठविणे आवश्यक होते काय? आपले मत कारणांसह लिहा.