हाताचे सांधे कसे तपासतात?

आपण गोठ्यात घसरतो, झाडावरून पडतो. हात दुखावतो. लगेच कोणी तो चोळतो, कोणी ओढतो. तसे करू नये. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठी काढावी. हात झोळीत घालून दवाखान्यात जावे.

डॉक्टर दोन्ही हात उघडे करायला सांगतात. का बरे? चांगला हात हे दुखऱ्या हाताचे माप! खांद्याची गोलाई गेली काय, कोपर वाकडे दिसते काय, हे ते आधी पाहतात. मग हळूच चाचपतात. मनगटाची नाडी बघतात. हाड मोडल्यासारखे वाटले नाही, तर म्हणतात, "हात वर करा. कोपर वाकवा. तळहात उताणा-पालथा करा. मूठ मिटा, उघडा."

हाताला पट्टी किंवा कामट्या बांधल्या, की आपण बोटांवर नजर ठेवावी. बोटे गार पडली, निळसर किंवा बधिर झाली, ठणका वाढतच गेला, बोट सरळ करताना कळ आली, तर पट्टी लगेच सैल करावी. तडक दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये. काही तासांच्या उशिराने हात कायमचा निकामी होऊ शकतो.

आपले पोट हातावर आहे. तो हात जपू या.

सांगा पाहू : डॉक्टर दोन्ही हात का पाहतात?