भाताचा दाणा कसा भरतो

भाताचे उत्पन्न चार गोष्टींवर ठरते: लोंब्यांची संख्या, लोंबीतील दाणे, त्यांपैकी भरलेले दाणे व दाण्याचे वजन. टरफलाचा आकार फुलोऱ्यापूर्वीच ठरतो. पुढे सुमारे 30 दिवसांत दाणा भरतो. त्यास लागणारे बहुतेक अन्न वरची हिरवी पाने त्याच वेळी तयार करतात. थोडे खोडातील साठ्यातून येते. या काळात पाणी तुटले किंवा पाने करपली, तर पीक भरघोस दिसूनही खळ्यावर वारवणीत पोचटच अधिक निघते. कोकणात पाऊस सरताना गरवे भात पुष्कळदा चिकात असते. त्यास हा धोका अधिक. म्हणून पोटरीपासून दाणा भरेपर्यंत बांधांची भगदाडे बुजवून 5 ते 10 सें. मी. पाणी राखावे व कापणीपूर्वी 8-10 दिवस ते काढून टाकावे.