वार्धक्य, श्रद्धा आणि नकुलपित्याच्या दोन व्यथा

जरा, व्याधी आणि मरण यांतून कोणाचीच सुटका नाही, हे बौद्ध धम्माने कधी लपविले नाही. मग उतारवयात धम्मश्रद्धेचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. श्रद्धेने गुडघेदुखी थांबत नाही की गेलेली दृष्टी परत येत नाही. या प्रश्नाचे उत्तर संयुत्त निकायातील खन्ध संयुत्ताच्या पहिल्याच सुत्तात, नकुलपिता या वृद्ध उपासकाच्या कथेत मिळते.

तथागत भग्ग देशात सुंसुमारगिरी येथील भेसकळावनात असताना नकुलपिता त्यांच्याकडे आला. त्याने दोन व्यथा सांगितल्या. आपण म्हातारे झालो असून शरीर सतत आजारी असते, ही पहिली. भगवंतांचे व भिक्खूंचे दर्शन क्वचितच घडते, ही दुसरी. भगवंतांनी रोग बरा होईल असे आश्वासन दिले नाही. शरीर दुर्बल झाले आहे हे त्यांनी मान्यच केले. मात्र शरीराबरोबर मनाला आजारी पडू द्यायचे नाही, असा अभ्यास करण्यास सांगितले.

तेथून तो सारिपुत्तांकडे गेला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. सारिपुत्तांनी त्याला अर्थ उलगडून सांगितला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांना जो 'मी' आणि 'माझे' समजतो, तो त्यांच्यातील प्रत्येक बदलाबरोबर शोक करतो. जो तसे समजत नाही, त्याचे मन शाबूत राहते. म्हणजे येथे श्रद्धा हा नवस नसून रोजचा सराव आहे.

अंगुत्तर निकायात याच दांपत्याची आणखी एक हकीकत आहे. नकुलपिता गंभीर आजारी असताना पत्नी नकुलमाता त्याला धीर देते. आपण सूत कातून मुलांना सांभाळू, शील सोडणार नाही, तेव्हा काळजी मनात ठेवून मरू नका, असे ती समजावते. त्या आजारातून उठून तो काठी टेकत भगवंतांकडे जातो आणि भगवंत नकुलमातेची प्रशंसा करतात. आजाऱ्याच्या मनाला घरातल्या माणसाचा आधार लागतो, हेच यातून दिसते.

आता नकुलपित्याच्या दुसऱ्या व्यथेकडे वळू. मी बँकेत नोकरी करतो. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला देण्यास येतात. आता तो घरबसल्या मोबाईलवरूनही देता येतो. तरीही काहीजण येतातच. काम पाच मिनिटांचे, पण अर्धा तास बाकावर बसून यंदा कोण आले, कोण आले नाही याची चौकशी करतात. दाखल्याइतकीच त्यांना माणसांची गरज असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईवडिलांच्या कडेवर किंवा बोट धरून गेलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्यांच्या वर्गणीतून आपली विहारे उभी राहिली, त्यांतील अनेकांना आज विहाराच्या पायऱ्या चढवत नाहीत. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांचे पोषण हे मुलांचे कर्तव्य सांगितले आहे. ते केवळ दोन वेळच्या जेवणाने पुरे होते काय?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. ते बहुधा रात्री असते. आठवड्यातून एकदा ते दुपारी चार वाजता ठेवावे. सतरंजीबरोबर दहा-बारा खुर्च्या मांडाव्यात. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी दोन तरुणांनी जाऊन वंदना घ्यावी व घटकाभर बसावे. यासाठी मोठा निधी लागत नाही.

मनाचा अभ्यास ज्याचा त्यानेच करायचा आहे. परंतु नकुलपित्याची दुसरी व्यथा दूर करणे आपल्या हाती आहे. येत्या वर्षावासापासून आपल्या संस्थेने त्याची सुरुवात करावी, ही नम्र विनंती.