‘हबशी’ या शब्दाचा धडा



तेलगावच्या मशिदीत मगरिबनंतर मुलांचा मकतब भरतो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी नऊ वर्षांचा एक मुलगा रडत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “हाफिजसाब, ये मेरे कू हबशी बोल्या,” एवढेच तो म्हणाला. बोलणारा मागेच उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण नव्हती. त्याच्या घरी हा शब्द रोज वापरात असावा. सावळ्या मुलाला, अधाशी खाणाऱ्याला, आडदांड माणसाला आपण सहज ‘हबशी’ म्हणतो. आजीही म्हणते आणि चुलतेही म्हणतात.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना टोपणनावांनी हिणवण्यास स्पष्ट मनाई आहे. ती आयत त्या मुलाकडून पाठ करून घेऊन मला मोकळे होता आले असते. परंतु शिव्या देऊ नका असे सांगितले की मुले शब्द बदलतात, मन तेच राहते. म्हणून पुढचे काही दिवस मी मुलांना ‘हबशी’ कोण हेच शिकवले. तो धडा आता आपल्यापुढे ठेवतो.

हबशा म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अनुयायांना ज्या राजाच्या आश्रयाला पाठवले, तो नजाशी याच भूमीचा. तिथे अनेक मुस्लिम कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली आणि त्यांची मुले तिथेच जन्मली. त्यांपैकी एक मुलगी म्हणजे उम्मे खालिद (रजि.). हे कुटुंब मदीनेला परतले तेव्हा ती लहान होती. एकदा प्रेषितांकडे (स.) नक्षी असलेले एक छोटे काळे वस्त्र आले. त्यांनी या मुलीला बोलावून घेतले, आपल्या हाताने ते तिच्या अंगावर घातले, आणि नक्षीकडे बोट दाखवून म्हणाले, “सनाह, सनाह.” हा शब्द अरबी नाही. तो हबशी भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘सुंदर’. ही हदीस सहीह बुखारीत आहे, आणि इमाम बुखारींनी ती अरबीखेरीज अन्य भाषेत बोलण्यासंबंधीच्या प्रकरणातही घेतली आहे.

थोडे थांबून याचा विचार करा. ज्यांच्यावर कुरआन अरबीत उतरत होते, त्यांनी परदेशात वाढलेल्या एका लहान मुलीशी तिच्या ओळखीच्या भाषेत बोलावे आणि तो आफ्रिकेचा शब्द असावा. सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत माणसांच्या भाषांचे आणि वर्णांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांपैकी म्हणून सांगितले आहे. भाषा आणि वर्ण तिथे एकाच ओळीत येतात, आणि आपण नेमके या दोन्हींवरून माणसाला हिणवतो.

मुलांना मदीना दूरची वाटते. म्हणून मी त्यांना आपल्या मराठवाड्यातील हबशी सांगितला. खुलताबादला गेलेल्यांनी मलिक अंबरची कबर पाहिली असेल. इ.स. १५४८ च्या सुमारास हबशात जन्मलेला हा मुलगा गुलामांच्या बाजारांतून हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनेत आला, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत आपल्या जुन्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात पिढ्यानुपिढ्या टिकली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आज ज्या शब्दाने आपण मुलाला रडवतो, त्या शब्दाच्या एका माणसाने या मुलखाला पाणी पाजले आहे.

परंतु या कथेत एक काटा आहे आणि तो लपवणे मला योग्य वाटत नाही. ‘अंबर’ हे त्याच्या आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे. त्याचे मूळ नाव चापू होते. अंबर हे त्याच्या मालकाने दिलेले नाव आहे. अंबर, याकूत, काफूर अशी सुगंधांची आणि रत्नांची नावे त्या काळी गुलामांना देत असत. ते देणारे आणि तो व्यापार करणारे यांत मुसलमानही होते. त्यांचे कृत्य आणि इस्लामची शिकवण यांतील अंतर आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ते मान्य न करता केवळ इंग्रजांकडे बोट दाखवणे हा न्याय नव्हे.

आता इंग्रजांकडे वळू. ही हकीकत नाशिकची आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबते इंग्रजी आरमार अडवू लागले. सुटलेल्या मुलांपैकी बरीच मुंबईत उतरवली गेली. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीत ठेवले. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकवले गेले. आजही नाशिककर ‘शरणपूर रोड’ म्हणतात, पण कोणाच्या शरणाचे हे गाव ते रस्त्यावरच्या माणसाला सांगता येणार नाही. ही मुले पुढे ‘नाशिकची मुले’, ‘बॉम्बे आफ्रिकन’ या नावांनी इतिहासात आली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात मरण पावला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचे शव शेकडो कोस चालत समुद्रापर्यंत नेले. या सोबत्यांत नाशिकला शिकलेली मुले होती. जिथे हृदय पुरले तिथे प्रार्थना वाचणारा आणि झाडावर अक्षरे कोरणारा जेकबच होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले तेव्हाही तो हजर होता. दुसरा मॅथ्यू वेलिंग्टन. तो मोंबासात १९३५ पर्यंत जगला. हे त्याचे मिशनने दिलेले नाव. जन्माने तो याओ जमातीचा आणि त्याचे नाव चेंगविम्बे.

वाचकहो, गुलामीतून सोडवणे हे मोठे पुण्यकर्म आहे; कुरआनने ते वारंवार सांगितले आहे. त्या आरमाराने मुलांच्या बेड्या तोडल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्याने मुक्त केले त्याने मुलाला नाव आपले दिले, भाषा आपली दिली, धर्म आपला दिला आणि पोशाखही आपला दिला. चेंगविम्बे मुक्त झाला आणि चेंगविम्बे उरला नाही.

या ठिकाणी मला हजरत जैद (रजि.) आठवतात. तेही बालपणी पळवले गेले आणि उकाजच्या बाजारात विकले गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना मुक्त केले, मुलाप्रमाणे वाढवले, आणि लोक त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणू लागले. यापेक्षा सन्मानाचे नाव कोणते असेल? तरीही सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीने आज्ञा दिली की अशांना त्यांच्या खऱ्या पित्यांच्या नावाने हाक मारा, आणि ते पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. उपकाराचे मोल म्हणून पित्याचे नाव घेण्याचा अधिकार साक्षात प्रेषितांच्या (स.) घरालाही दिला गेला नाही. हजरत बिलाल (रजि.) यांनाही आपण आजवर बिलाल बिन रबाह म्हणतो, रबाह हे त्यांच्या पित्याचे नाव.

ज्या मालकाने चापूचा अंबर केला तोही या आयतीपुढे अपराधी ठरतो, हे मुलांना सांगताना मी कचरलो नाही.

नाशिकच्या मुलांचे पुढे काय झाले? मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी तिथल्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह केला. मग मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिला नाव मिळाले फ्रिअरटाउन. नाशिकची मुले तिथे नेली गेली. आफ्रिकेत परतली तेव्हा त्यांच्या तोंडी इंग्रजी होती, आणि भोवतालच्या लोकांना ती परकी वाटत. गुलामगिरी थांबवण्याच्या वाटेने गेलेली सत्ता तिथेच राहिली: १८९० मध्ये झांझिबार इंग्रजांचे संरक्षित राज्य झाले आणि १८९५ मध्ये आजचा केनिया.

सत्तेबरोबर लिपी बदलली. त्या किनाऱ्याची भाषा स्वाहिली. हे नाव अरबी ‘साहिल’ म्हणजे किनारा यापासून आले. तिच्यात ‘किताबु’, ‘दुनिया’, ‘हबारी’, ‘सबाबु’, ‘रफीकी’ असे शब्द आहेत. आपण मराठीत किताब, दुनिया, खबर, सबब म्हणतोच. ही भाषा शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात होती. मिशन आणि सरकारी शाळांनी तिला रोमन लिपी दिली, आणि १९३० मध्ये नेमलेल्या समितीने झांझिबारच्या बोलीच्या आधारे प्रमाण भाषा घडवली. ज्या मोंबासात जुनी काव्यपरंपरा होती, तिथली बोली मागे पडली. नवी पिढी शाळेत गेली आणि आजोबांची हस्तलिखिते तिला वाचता येईनात. आपल्याला हे नवे वाटू नये. आपल्या पणजोबांचे जमिनीचे मोडी कागद आपल्यापैकी कितीजणांना वाचता येतात? मोल्सवर्थ साहेबाचा मराठी कोश १८३१ चा. मराठी छापील आणि ‘शुद्ध’ होऊ लागली तेव्हा पुण्याकडची भाषा प्रमाण झाली आणि आपली बीडची बोली गावंढळ. महाविद्यालयात मराठी घेऊन पदवी करताना माझ्या उच्चारांवर हसणारे होते. आणि मदरशात, मराठी का वाचतोस, म्हणणारेही होते. निजामी राजवटीत इथे उर्दूचे राज्य होते आणि मराठी शाळांना वाव थोडा होता, हेही आपण विसरू नये. सत्ता कोणाचीही असो, ती आपली जीभ दुसऱ्याच्या तोंडात घालू पाहते.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी लिहिले आहे की त्यांच्या शाळेत मुलगा मातृभाषेत बोलताना सापडला तर त्याला छडी मिळे किंवा गळ्यात अपमानाची पाटी अडकवली जाई. त्या मुलाला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटू लागे. आपल्याकडे पाटी नसते. पण इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा पालकसभेत आईला “तू मत बोल” म्हणतो, तेव्हा पाटी कोणाच्या गळ्यात असते?

दीनच्या बाबतीतही हाच धोका आहे. स्वाहिलीत कुरआनचा पहिला संपूर्ण अनुवाद १९२३ मध्ये आला आणि तो एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने केलेला होता. झांझिबारचे विद्वान शेख अब्दुल्लाह सालेह अल-फारसी यांचा संपूर्ण अनुवाद १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली सेहेचाळीस वर्षे मला अस्वस्थ करतात. आलिमांनी लोकांच्या भाषेला कमी लेखले की ती भाषा दुसरा कोणी उचलतो. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीनुसार प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत पाठवला गेला, म्हणजे त्याने त्यांना उलगडून सांगावे. म्हणून जुम्याचा खुत्बा मी अरबीतच देतो, परंतु त्याआधीचे बयान अर्धे दख्खनीत आणि अर्धे मराठीत करतो. काही बुजुर्गांना ते अजून रुचत नाही. त्यांच्याशी माझा वाद नाही, पण मी थांबलेलोही नाही.

धड्याच्या शेवटी मी मुलांना एक काम दिले. घरी जाऊन वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव विचारायचे, आई कोणत्या गावची आणि तिकडे ‘सुंदर’ला काय म्हणतात तेही विचारायचे, आणि वहीत लिहून आणायचे. बावीस मुलांपैकी नऊजणांच्या घरी पणजोबांचे नाव कोणालाच सांगता आले नाही. ज्याने ‘हबशी’ म्हटले होते, तो त्या नऊजणांतला. त्याच्या आईने माजलगावच्या आपल्या वृद्ध मावशीला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो मराठी शाळेच्या वहीच्या पाठीमागच्या पानावर नाव लिहून घेऊन आला. चार मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. त्यांची पाने अजून कोरी आहेत. फडावरून लोक परततील तेव्हा ती भरू.