हुर्राक म्हणजे सरबत नव्हे, चिमे

चिमे, काल फोनवर गोव्याच्या सहलीबद्दल बोलताना तू हळूच विचारलंस, ‘ताई, हुर्राक म्हणजे नक्की काय गं?’ आई शेजारीच भाजी निवडत होती, म्हणून मी ‘सरबत असतं काजूचं’ म्हणून वेळ मारून नेली. आता खरं सांगते. कारण सरबत समजून प्यायलं की काय होतं, ते मी भोगलंय.

तुझ्याच वयाची होते. बार्देशातल्या एका गावी मैत्रिणीच्या मावशीकडे गेलो होतो. एप्रिलची भर दुपार. मोठ्या पेल्यात बर्फ, लिम्का, लिंबाची फोड, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची, त्यात हुर्राक. अगं, इतकं गार, आंबटगोड आणि जिभेला झोंबणारं की मी तीन पेले घटाघट रिचवले. जेवण अजून चुलीवरच होतं. मावशी म्हणाली, ‘सावकाश गे बाय.’ मी हसले. पुढचं मला आठवतं ते थेट संध्याकाळचं: मी बाल्कांवातल्या, म्हणजे पडवीतल्या, बाकावर आडवी, अंगावर कुणीतरी चादर घातलेली आणि कुडाळची शेवटची बस केव्हाच गेलेली.

तर हे आहे काय? आपल्या बागेत बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडाखाली पडून कुजतात, आपण बी तेवढी पिळून घेतो. (आणि रसाचे डाग फ्रॉकवर पाडून आईचा मार खातो.) गोव्यात त्याच बोंडवांचं सोनं करतात. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून आपणहून पडलेलाच वेचायचा. मग तो कोळंबीत, म्हणजे दगडात खोदलेल्या टाकीत, पायांनी तुडवायचा. निघालेला रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, यीस्ट वगैरे काही घालावं लागत नाही. तो भट्टीवर चढवला की पहिल्या वाफेचा निघतो तो हुर्राक. त्याच हुर्राकात आणखी आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी. म्हणजे हुर्राक ही फेणीची अलीकडची पायरी. नाव ऐकून अर्क आठवला ना? दोन्ही शब्द अरबीतल्या ‘अरक’ म्हणजे घामाशी नातं सांगतात. भांड्याला सुटलेला घाम थेंबाथेंबाने गोळा करायचा, असं ते.

गंमत म्हणजे गोव्याची ओळख झालेला हा काजू मुळात ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात इकडे आणला. माडाची फेणी दक्षिण गोव्यात आजही निघते, पण भाव खाऊन गेली ती काजूची. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राकाला मात्र असला थाट नाही. तो टिकतच नाही मुळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भट्ट्या पेटतात, पाऊस पडला की बोंडू संपले, हुर्राकही संपला. म्हणूनच मला तो जास्त आवडतो. बारा महिने मिळणाऱ्या वस्तूची कसली आलीय ओढ!

आता कामाचं ऐक. फेणी चाळीस टक्क्यांच्या वरची, तिच्या नुसत्या वासानेच माणूस जपून पितो. हुर्राक साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाइनपेक्षा थोडा कडकच, पण लिम्काच्या गोडीत ते कळत नाही. तो जिभेवर हलका आणि पायांत जड. तेव्हा आधी नीट जेव, तळलेल्या माशाबरोबर एक पेला घे, मध्ये भरपूर पाणी पी आणि दुसऱ्या पेल्याआधी अर्धा तास जाऊ दे. एक घोट घेतला तरी स्कूटरच्या किल्लीला हात लावायचा नाही. ‘दोनच किलोमीटर तर आहे’ म्हणणाऱ्या मित्राच्या मागे तर मुळीच बसायचं नाही, मग तो कितीही देखणा असो. रस्त्याकडेला पाण्याच्या जुन्या बाटलीतून कुणी विकत असेल तर घेऊ नकोस. चांगल्या तावेर्नात बस, मालकाला ‘यंदाचा कसा उतरलाय?’ एवढं विचार, तो खूश होऊन सगळं सांगेल.

आणि हो, माझ्यासाठी बाटली आणायचा विचार मनातून काढ. गोव्यात एकविसाव्या वर्षी पिता येतं, आपल्याकडे कडक दारूला पंचवीस लागतात. तू चोवीसची आहेस, वर परमिट नाही आणि बांद्याच्या नाक्यावर बॅगा उघडतात. तिथे पकडलं तर आईला कोणतं सरबत सांगणार?

माझ्यासाठी अर्धा किलो भाजलेले काजू आण, सालासकट.